पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत मराठी का नाही? यूजीसी आणि एनटीए यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, विद्यापीठ अनुदान आयोग, नवी दिल्ली
मा. महासंचालक, नॅशनल टेस्टिंग एजन्सी, नवी दिल्ली

विषय : सीयूईटी-पीजी (केंद्रीय व इतर विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशाची सामाईक परीक्षा) आणि नेट (प्राध्यापकीची पात्रता व संशोधन शिष्यवृत्ती ठरवणारी परीक्षा) यांमधील सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या विषयांच्या प्रश्नपत्रिका मराठीत उपलब्ध करून देण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी कला महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. २०२२ मध्ये सीयूईटी-पीजी सुरू झाली, तेव्हापासून दरवर्षी तृतीय वर्षातील दहा-पंधरा मुलामुलींना सकाळी कॉलेज भरण्याआधी दीड तास बसवून मी या परीक्षेची तयारी करून घेतो. त्याचे शुल्क नाही आणि त्याला क्लासही म्हणता येणार नाही. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स, एक फळा आणि चहाचा थर्मास एवढेच आमचे भांडवल आहे. हे सांगायचे कारण इतकेच की पुढे जे लिहितो आहे ते परीक्षेच्या धोरणावर दुरून केलेले भाष्य नाही. मुलांच्या शेजारी बसून त्यांचे चुकलेले प्रश्न एकेक करून तपासताना जे दिसले, ते लिहितो आहे.

गेल्या दोन वर्षांत पेपरफुटी आणि रद्द झालेल्या परीक्षा यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले. १८ जून २०२४ रोजी नऊ लाखांहून अधिक उमेदवारांनी दिलेली नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली, तो संताप योग्यच होता. मी मात्र अशा नुकसानीबद्दल लिहितो आहे जिच्यासाठी कोणी रस्त्यावर उतरत नाही, कारण ज्यांचे ते होते त्यांना आपला अभ्यासच कमी पडला असे वाटत राहते.

सीयूईटी-पीजीची माहितीपुस्तिका सांगते की भाषा विषय आणि काही मोजके अपवाद वगळता प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदी या दोन भाषांतच असेल. नेटची पुस्तिकाही तेच सांगते. म्हणजे ज्या मुलीने पहिलीपासून बी.ए.पर्यंतची पंधरा वर्षे मराठीतून शिकून, मराठीतून उत्तरे लिहून, शासनमान्य विद्यापीठाची पदवी मिळवली, तिला एम.ए.च्या प्रवेशासाठी आपला विषय एकदम दुसऱ्या भाषेत ओळखून दाखवावा लागतो. वेळ तरी मुबलक असतो म्हणावे तर तसेही नाही. २०२५ च्या सीयूईटी-पीजीत ७५ प्रश्नांसाठी ९० मिनिटे होती आणि नेटमध्ये १५० प्रश्नांसाठी १८० मिनिटे असतात. दोन्हीकडे भागाकार केला की एका प्रश्नाला ७२ सेकंद येतात. जोड्या लावा, कालानुक्रम लावा, विधान आणि कारण यांचा संबंध सांगा, अशा धाटणीचे प्रश्न असतात. वाक्याचा अर्थ लावण्यात त्यातील ३० सेकंद गेली, तर विचार करायला उरतात ती ४२. शेजारच्या रांगेतील उमेदवाराला, ज्याची पदवी हिंदी माध्यमातून झाली आहे, पूर्ण ७२ मिळतात. सीयूईटी-पीजीत बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकलेल्या उत्तराचा एक गुण वजा होतो, हेही ध्यानात घ्यावे.

यावर लगेच दिले जाणारे उत्तर मला ठाऊक आहे. माझ्या एका विद्यार्थिनीला ते परीक्षा केंद्रावरच मिळाले. स्क्रीनवर भाषा बदलण्याच्या यादीत मराठी आहे का, एवढेच तिने विचारले होते. पर्यवेक्षक म्हणाले, "हिंदी तो आती है ना? लिपी तो एकही है." ते गृहस्थ उद्धटपणे बोलले नाहीत, असे ती आवर्जून सांगते. समजूत घालण्याच्या सुरातच बोलले. पण लिपी एक म्हणजे भाषा एक, हा जो समज त्यांच्या बोलण्यात होता तोच आपल्या पुस्तिकेतही आहे असे मला वाटते, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

'शिक्षा का अधिकार' वाचून मराठी मुले हसतात, कारण आमच्याकडे शिक्षा छडीची असते. हा विनोद सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिथे कोणी चुकत नाही. चूक होते ती ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांत. 'गांधी ने अधिकारों की अपेक्षा कर्तव्यों पर अधिक बल दिया' असे वाक्य घ्या. हिंदी वाचणाऱ्याला ते सरळ कळते : गांधीजींनी अधिकारांपेक्षा कर्तव्यांवर अधिक भर दिला. मराठी कानाला 'अपेक्षा' म्हणजे एखादी गोष्ट मिळावी अशी इच्छा. घाईत वाचणारी मुलगी इथे अधिकारांची मागणी वाचते आणि विधान उलटे होऊन बसते. तिला गांधीविचार येत नाही म्हणून ती चुकली, असे आपले यंत्र नोंदवते.

त्याहून मोठा प्रश्न परिभाषेचा आहे. माझ्याच विषयात आम्ही ज्याला 'दर्जा' म्हणतो त्याला हिंदीतील समाजशास्त्र 'प्रस्थिति' म्हणते. मार्क्स शिकवताना आम्ही 'परात्मता' म्हणतो, हिंदीत 'अलगाव' असते. इटालियन विचारवंत ग्रामची शिकवताना 'धुरीणत्व' हा शब्द मुलांच्या डोक्यात बसवायला मला दोन तास लागतात आणि प्रश्नपत्रिकेत 'आधिपत्य' समोर येते. राज्यशास्त्राच्या मुलांची 'सार्वभौमत्व' आणि 'संप्रभुता' यांच्यात गल्लत होते. इतिहासाच्या मुलांना 'सरंजामशाही'ऐवजी 'सामंतवाद' आणि 'महसूल'ऐवजी 'राजस्व' ओळखावे लागते. यांतील प्रत्येक शब्द शिकता येतो, हे मला मान्य आहे. आम्ही तसे तक्ते करून भिंतीवर लावलेही आहेत. तीन रकाने : मराठी, हिंदी, इंग्रजी. पण मग माझ्या दीड तासातील निम्मा वेळ समाजशास्त्रावर न जाता या तक्त्यावर जातो आणि हिंदी माध्यमाच्या मुलांचा तो वेळ वाचतो. हिंदीबद्दल माझी तक्रार नाही. बनारसच्या किंवा जयपूरच्या मुलाला त्याच्या पदवीच्या भाषेत प्रश्न वाचायला मिळतो, हे योग्यच आहे. लातूरच्या मुलीला तेच का मिळू नये, एवढेच मी विचारतो.

खात्री करून घ्यावी म्हणून मी स्वतः दोन जुन्या प्रश्नपत्रिकांचा मराठी अनुवाद केला आणि मुलांकडून काही मूळ प्रश्नपत्रिका आणि काही अनुवादित अशा सोडवून घेतल्या. फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता. पंधरा मुलांच्या एका वर्गाचे आकडे पुढे करून आपल्याशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही, ते पुरावा म्हणून टिकणारही नाहीत. मात्र हा प्रयोग आपल्याला देशभर करता येईल आणि त्यासाठी लागणारी सगळी माहिती आपल्याकडेच आहे.

आता ज्या गोष्टीचा उलगडा मला आजवर झालेला नाही, त्याकडे येतो. पदवी प्रवेशासाठीची सीयूईटी-यूजी हीच एजन्सी १३ भाषांत घेते आणि त्यांत मराठी आहे. वैद्यकीय प्रवेशाची नीट-यूजी १३ भाषांत होते, अभियांत्रिकीची जेईई मेनही १३ भाषांत होते, दोन्हींत मराठी आहे. भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र मराठीत विचारता येते, पण पदवीच्या पातळीवरचा इतिहास विचारता येत नाही, याला तर्क कोणता? बारावी झालेल्या अठरा वर्षांच्या मुलाला आपण सांगतो की तुझ्या भाषेत परीक्षा दे, आणि तीन वर्षांनी त्याच मुलाला सांगतो की आता ती भाषा चालणार नाही. मधल्या तीन वर्षांत त्याचे शिकण्याचे माध्यम बदललेले नसते.

पदव्युत्तर पातळीवर मराठीत प्रश्न काढणे अवघड आहे, असे म्हणावे तर त्याचे उत्तर आमच्या राज्यात जुने आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेत असलेली सेट, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रतेची राज्यस्तरीय परीक्षा, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यतेने होते आणि तिचा अभ्यासक्रम नेटचाच असतो. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र अशा विषयांच्या तिच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापलेल्या असतात. मी स्वतः सेट याच मराठी प्रश्नांवर उत्तीर्ण झालो. त्याआधी नेट तीनदा दिली होती आणि तीनही वेळा काही गुणांनी मागे राहिलो होतो. अभ्यास तोच होता, पुस्तकेही तीच होती. सेटचा निकाल लागला त्या दिवशी मला आनंदापेक्षा चीड अधिक आली होती, हे प्रांजळपणे सांगतो. कारण नेटने मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती सेटने मिळत नाही आणि शिष्यवृत्तीशिवाय संशोधनाला बसण्याची ऐपत घरी नव्हती. मी नोकरीला लागलो, पीएच.डी. राहून गेली.

आता तर नेटचे वजन आणखी वाढले आहे. पीएच.डी. प्रवेशासाठी विद्यापीठांनी स्वतःच्या परीक्षांऐवजी नेटचे गुण वापरावेत, असे आयोगाने मार्च २०२४ मध्ये ठरवले. शिष्यवृत्तीस पात्र न ठरलेल्यांच्या प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार दिला. अनेक परीक्षा देत फिरण्याचा त्रास वाचावा हा त्यामागील हेतू चांगला आहे. पण जी परीक्षा पूर्वी प्राध्यापकीची पात्रता आणि शिष्यवृत्ती ठरवत होती ती आता संशोधनाची एकमेव वाट होऊ पाहत असेल, तर तिच्या भाषेचा प्रश्नही त्याच बैठकीत निघायला हवा होता.

आयोगाचे स्वतःचे म्हणणे याबाबत काय आहे, तेही पाहावे. अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत, असे आवाहन आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी एप्रिल २०२३ मध्ये देशातील विद्यापीठांना केले होते. जुलै २०२४ मध्ये 'अस्मिता' हा प्रकल्प सुरू झाला, ज्यात पाच वर्षांत २२ भारतीय भाषांत २२ हजार पुस्तके तयार करण्याचे उद्दिष्ट आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आमच्या महाविद्यालयात त्या दिवशी पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. त्यानंतर काही महिन्यांत २०२५ ची सीयूईटी-पीजीची पुस्तिका आली. माध्यमाचे कलम मी दोनदा वाचले. त्यात काही बदललेले नव्हते. पुस्तके मराठीत लिहा, उत्तरे मराठीत लिहू द्या, असे इतरांना सांगणाऱ्या संस्थेने स्वतःच्या हातातील परीक्षा तेवढी वगळावी, हे समजत नाही.

याचा परिणाम कुठवर जातो याचे एकच उदाहरण देतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे तुळजापूर येथील केंद्र १९८६ पासून आहे आणि ते आमच्यापासून एस.टी.ने तासाभराच्या अंतरावर आहे. संस्थेच्या पदव्युत्तर प्रवेशाची सुरुवात आता सीयूईटी-पीजीपासून होते. ग्रामीण विकासाचे शिक्षण घेऊन ज्यांनी धाराशिव-लातूरच्या गावांत काम करावे, तिथल्या शेतमजूर बायांशी, ऊसतोडणीहून परतलेल्या कुटुंबांशी बोलावे, त्या मुलांकडून आपण प्रवेशाच्या वेळी मराठीची अपेक्षा करत नाही (मराठी अर्थाने), उलट तिची अडचण करून ठेवतो. माझी ती विद्यार्थिनी, जिचा उल्लेख वर आला, तिला याच केंद्रात शिकायचे होते. वडील बाजार समितीत हमाल आहेत. २०२५ मध्ये खुल्या प्रवर्गाला दोन पेपरसाठी १४०० रुपये शुल्क होते, राखीव प्रवर्गांना काहीसे कमी. तेवढे आणि जिल्ह्याबाहेरच्या केंद्रावर जाण्याचे भाडे त्यांनी भरले. गुणपत्रक घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा कोणता प्रश्न कशामुळे चुकला हे आम्ही उत्तरतालिकेवरून पाहिले. आठ-नऊ ठिकाणी तिने मला मराठीत अचूक उत्तर सांगितले, आणि ते सांगताना तिलाच रडू आले.

आपल्याकडून येऊ शकणाऱ्या आक्षेपांचा विचार मी केला आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप अनुवादाच्या दर्जाचा आहे, आणि तो मी हलका लेखत नाही. २०१८ च्या नीटमध्ये तमिळ प्रश्नपत्रिकेतील ४९ प्रश्नांच्या अनुवादात चुका आढळल्या. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने १९६ गुण देण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो पुढे रद्द केला. मुले मधल्या मध्ये लोंबकळत राहिली. ती परीक्षा तेव्हा दुसरे मंडळ घेत असे, पण धडा सर्वांसाठीच आहे. वाईट मराठी प्रश्नपत्रिका मिळण्यापेक्षा ती न मिळालेली बरी, असे मीही म्हणेन. मात्र यावरचा उपाय ठाऊक आहे. राज्याच्या भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश तयार केलेले आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून मराठीतून अभ्याससाहित्य तयार केले आहे. नागपूरच्या विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने पदवी पातळीची पुस्तके काढली होती. सेटचे पेपर काढणारे आणि तपासून पाहणारे प्राध्यापक आहेतच. शब्द आहेत आणि माणसेही आहेत.

केंद्रीय विद्यापीठांत पुढे सगळे इंग्रजीतूनच शिकायचे असते, मग परीक्षा मराठीत देऊन काय उपयोग, असेही म्हटले जाईल. पण मग हिंदी प्रश्नपत्रिका तरी कशासाठी आहे? ती आहे, कारण विषयाची जाण तपासणे आणि इंग्रजी तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे आपण आधीच मान्य केले आहे. इंग्रजी वाचायची सवय पहिल्या सत्रात लागते. माझे जे मोजके विद्यार्थी हैदराबाद आणि दिल्लीपर्यंत पोहोचले, त्यांना ती लागली. प्रश्न पोहोचण्याचा आहे.

आणि मराठीतून परीक्षा मागणारे आहेत किती, हा प्रश्न तर विचारूच नये. दुकानात माल ठेवायचा नाही आणि गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणायचे, असा तो प्रकार होईल. न्यायमूर्ती रानडे यांनी मुंबई विद्यापीठात मराठीला जागा मिळावी म्हणून अखेरपर्यंत खटपट केली, तेव्हाही समोरून हेच ऐकू येत होते की कुणाला हवी आहे ती.

आमच्या मागण्या मर्यादित आहेत. सीयूईटी-पीजीच्या दीडशेहून अधिक विषयांचा तेरा भाषांत अनुवाद करा, असे मी म्हणत नाही. एम.टेक.च्या प्रश्नपत्रिकेला मराठीची गरज आहे असा माझा दावा नाही.

पहिली मागणी : समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, समाजकार्य, शिक्षणशास्त्र, वाणिज्य आणि सर्वसाधारण क्षमता चाचणी एवढ्या विषयांपुरती सीयूईटी-पीजी मराठीत द्यावी. सीयूईटी-यूजीत ज्या इतर भारतीय भाषा आहेत त्यांनाही हाच नियम लावावा. कन्नड किंवा ओडिया मुलांची अडचण आमच्याहून मोठी आहे, त्यांना तर लिपीचाही आधार नाही.

दुसरी : नेटचा पहिला पेपर आणि याच विषयांचे दुसरे पेपर त्याच धर्तीवर द्यावेत. सेटची घडण समोर आहे, ती उचलावी.

तिसरी मागणी माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. मराठी प्रश्नात प्रत्येक पारिभाषिक शब्दासोबत इंग्रजी शब्द द्यावा, अनुवाद त्या विषयाच्या प्राध्यापकांनी करावा आणि दुसऱ्याने तो मूळ प्रश्न न पाहता सोडवून तपासावा. यंत्राने अनुवाद करून नंतर कोणी नजर फिरवली, असे होऊ नये. अनुवादात संदिग्धता असल्यास इंग्रजी पाठ अंतिम मानला जाईल, हा सध्याचा नियम बदलावा. चूक परीक्षा घेणाऱ्याची असेल तर तिचा भुर्दंड उमेदवारावर पडता कामा नये. अशी चूक सिद्ध झाल्यास तो प्रश्न सर्वांसाठीच रद्द करावा.

चौथी : उमेदवारांनी पदवी कोणत्या माध्यमातून घेतली याची नोंद घ्यावी आणि माध्यमनिहाय निकाल प्रसिद्ध करावा. माझे म्हणणे चुकीचे असेल तर त्या आकड्यांतून ते दिसेल आणि मी ते जाहीरपणे मान्य करीन.

हे सर्व एका वर्षात होणे शक्य नसेल तर तसे सांगावे, पण कोणते विषय कोणत्या वर्षी येतील याचे वेळापत्रक द्यावे.

पुढील सीयूईटी-पीजीची पुस्तिका नेहमीप्रमाणे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येईल. आमच्या सकाळच्या वर्गात ती मोठ्याने वाचली जाते आणि सुरुवात माध्यमाच्या कलमापासून होते. ती विद्यार्थिनी यंदा पुन्हा परीक्षेला बसणार आहे. भिंतीवरचा तीन रकान्यांचा तक्ता तिनेच नव्याने लिहून काढला आहे. तो उतरवायचा की आणखी एक वर्ष ठेवायचा, हे आपल्या उत्तरावर ठरेल.

आपला,
समाजशास्त्राचा एक शिक्षक
मराठवाडा